मांजरानं भिजवलेलं कुपन, शेळीनं खाल्लेली नोट

दसरा-दिवाळीच्या खरेदीनंतर एक प्रश्न हमखास कानावर येतो, आणि विचारणारा तो थोडा लाजतच विचारतो. लातूरच्या गंज गोलाईतून नाहीतर नांदेडच्या वजिराबादेतून कापड घेतलं, दुकानदारानं पाचशे रुपयांच्या सवलतीचं कुपन दिलं, ते घरी आणून कपाटातल्या साडीवर ठेवलं. मांजरीला नेमकी तीच साडी आवडली. आता कुपन पिवळं पडलंय, वास येतोय, पण नंबर स्पष्ट दिसतोय. चालेल का? आणि चाललं तरी ते दुकानदाराच्या हातात कसं द्यायचं?

कुणाच्या नोटेचा कोपरा कुत्र्यानं चावलेला असतो, कुणाचं रेशन कार्ड शेळीनं अर्धं खाल्लेलं असतं, वसतिगृहातल्या मुलांच्या मेसच्या कुपनांवर बोका झोपून गेलेला असतो. आपल्याकडे घर आणि गोठा यांच्यात अंतर फार नसतं. उस्मानाबादी शेळी ओसरीवरच बांधलेली असते आणि तिला कागद हिरव्या पाल्याइतकाच प्रिय असतो. त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही. हसून सोडून दिलं तर पैसे जातात. न सांगता कुणाच्या हातात कोंबलं तर माणूस दुखावतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

कागदाची किंमत शाबूत आहे का, हा एक प्रश्न. तो कागद दुसऱ्याच्या हाती देण्याजोगा आहे का, हा दुसरा. बहुतेक भांडणं होतात ती या दोन्हींची गल्लत केल्यामुळे. “नंबर दिसतोय ना? मग घ्या की!” असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि “वास येतोय, नेऊ नका माझ्या गल्ल्याजवळ,” असं दुकानदार म्हणतो. दोघंही बरोबर असतात. किंमतीचं उत्तर नियमात किंवा कुपनाच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडतं. हाती देण्याचं उत्तर रीतीभातीत आहे. ते आपलं आपल्याला ठरवावं लागतं.

पहिल्या दहा मिनिटांत

घाबरून लोक नेमक्या चुकीच्या गोष्टी करतात: कागद उन्हात टाकतात, इस्त्री फिरवतात, सॅनिटायझर मारतात. थांबा.

- आधी फोटो काढा. दोन्ही बाजूंचा, नंबर वाचता येईल असा. कागद पुढे आणखी बिघडला तरी हा फोटो कामाला येतो.
- कागद कोणता आहे ते ओळखा. मशीनमधून निघालेली गुळगुळीत पावती किंवा कुपन बहुतेक वेळा उष्णतेनं छापलेलं असतं. नखानं जोरात ओरखडलं की काळी रेघ उठते, तोच हा कागद. इस्त्रीनं तो काळाकुट्ट होतो, उन्हात त्यावरची अक्षरं उडतात आणि सॅनिटायझरनं छपाई बिघडते. लॅमिनेशनही गरम असतं, तेही नको. तो फक्त टिपून घ्या आणि सावलीत पंख्याखाली ठेवा.
- पुसू नका, टिपा. जुन्या सुती कपड्यानं वरून हलकं दाबा. घासलं की शाई पसरते.
- नोट असेल तर साध्या पाण्याला घाबरू नका. आपली नोट कापसाच्या तंतूंची असते. खिशात राहून धुतली गेलेली नोट वाळल्यावर पुन्हा चालते, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. ब्लीच किंवा गरम इस्त्री मात्र नको.
- एकमेकांना चिकटलेल्या नोटा जबरदस्तीनं सोडवू नका. त्या तशाच राहू द्या. त्यांची वाट वेगळी आहे, ती पुढे सांगतो.
- पुसट झालेले अंक पेनानं गिरवू नका. हेतू चांगला असतो, पण समोरच्याला खाडाखोड दिसते. आणि खाडाखोड दिसली की कुपन चालणारं असूनही बाद होतं.

हातात मोजे नसतील तर दुधाची पिशवी उलटी करून घाला. मांजराची विष्ठा लागली असेल तर गरोदर बाईनं त्या कागदाला हात लावू नये, दुसऱ्या कुणाला तरी सांगावं. त्यातल्या एका सूक्ष्म जंतूचा गर्भाला धोका असतो, आणि विष्ठा एक दिवसाहून जुनी झाल्यावर तो वाढतो. म्हणून “वाळू दे, मग उद्या बघू” ही आपली नेहमीची पद्धत इथे उपयोगाची नाही. काम झाल्यावर सगळ्यांनीच साबणानं हात धुवावेत.

नोट असेल तर: रुपयाचं गणित

इथे नियम स्वच्छ आहेत, आणि तरीही इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. बाजारात फाटक्या नोटा बदलून देणारे बसलेले असतात. पाचशेची नोट घेऊन तीनशे देतात, आणि आपण खूश होऊन परत येतो. रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नोट परताव्याचे नियम आहेत, २०१८ मध्ये त्यांत सुधारणा झाली. थोड्या नोटा असतील तर बँकेत याचा एक पैसाही लागत नाही.

नोटेचे दोन प्रकार लक्षात ठेवा. मळकी नोट म्हणजे वापरानं घाण झालेली, किंवा दोन तुकडे होऊन चिकटवलेली, पण एकही भाग न हरवलेली. फाटकी नोट म्हणजे जिचा एखादा भाग गेलाय किंवा जिचे दोनपेक्षा जास्त तुकडे झालेत. मांजरानं भिजवलेली नोट बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात बसते. कुत्र्यानं किंवा शेळीनं खाल्लेली दुसऱ्या प्रकारात.

मळक्या नोटा एका माणसाला एका दिवसात २० पर्यंत आणि एकूण ५,००० रुपयांपर्यंत काउंटरवर लगेच, फुकट बदलून मिळतात. त्याहून जास्त असतील तर बँक पावती देऊन ठेवून घेऊ शकते.

फाटक्या नोटेचं गणित असं:

- २० रुपयांपर्यंतची नोट: उरलेला सर्वांत मोठा सलग तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे. नाहीतर काहीच नाही. इथे अर्ध्या पैशांची सोय नाही.
- ५० आणि त्यावरची नोट: सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे. ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. ४० पेक्षा कमी असेल तर काही नाही.
- ५० किंवा त्यावरच्या नोटेचे दोनच तुकडे झाले असतील आणि दोन्ही तुकडे प्रत्येकी ४० टक्के किंवा त्याहून मोठे असतील, तर पूर्ण पैसे. म्हणून कुत्र्याच्या तोंडातून पडलेला दुसरा तुकडा खाटेखालून शोधून काढा. तो कचऱ्यात गेला तर पाचशेचे अडीचशे होतात.

टक्के मोजायला गणिताचा मास्तर लागत नाही. तशीच एक अखंड नोट खाली ठेवा, वर उरलेला तुकडा ठेवा, फूटपट्टी लावा. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब आणि ६.६ सेंटिमीटर रुंद असते. जनावरानं ती एका बाजूनं सरळ कुरतडली असेल तर १२ सेंटिमीटरहून जास्त उरली की पूर्ण पैसे, ६ ते १२ सेंटिमीटर उरली तर निम्मे. शेळीनं तीन बोटांएवढा भाग खाल्ला म्हणजे बहुधा अडीचशेच. शंभरची नवी जांभळी नोट १४.२ सेंटिमीटरची आहे. तिला पूर्ण पैशांसाठी साधारण साडेअकरा सेंटिमीटर उरायला हवेत.

कुठे जायचं? जवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत. तिथे तुमचं खातं नसलं तरी चालतं. पाचपर्यंत फाटक्या नोटा असतील तर साध्या शाखेनंही त्या तपासून काउंटरवरच पैसे द्यावेत अशी अपेक्षा आहे. शाखेला ते जमत नसेल तर तिनं पावती देऊन नोटा मोठ्या शाखेकडे पाठवायच्या, आणि पैसे कधी मिळतील ती तारीख पावतीवर लिहायची. ही तारीख ३० दिवसांपलीकडची नसावी. “आम्ही घेत नाही, साहेब नाहीत,” एवढं ऐकून परत फिरू नका. पावती मागा. पावती मागितली की बऱ्याचदा साहेब सापडतात.

नोटा फार असतील तर करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा नोटांचा साठा, असलेल्या शाखेत जा. तुमच्या शहरात ती कोणती आहे ते तुमच्याच शाखेत विचारलं की सांगतात. जळलेल्या, भुगा झालेल्या किंवा सुटत नाहीत इतक्या घट्ट चिकटलेल्या नोटा मात्र कोणतीच शाखा घेत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं कार्यालय गाठावं लागतं. महाराष्ट्रात ते मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहे. पण नांदेड-लातूरकरांनी नकाशा बघावा, हैदराबाद जवळ पडतं आणि तिथेही असं कार्यालय आहे. दोन हजारच्या जुन्या नोटांचंही तेच, त्या आता शाखेत बदलत नाहीत.

एक सूक्ष्म गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात फाटक्या नोटेचे पैसे परत मिळणं हा हक्क नाही. ती बँकेनं नियमांनुसार दाखवायची कृपा आहे, अशी भाषा आहे. व्यवहारात नियमात बसणाऱ्याला पैसे मिळतातच. पण मुद्दाम कापलेली, फाडलेली किंवा फेरफार केलेली नोट अधिकारी नाकारू शकतो. म्हणून कुरतडलेली कड कात्रीनं “नीट” करायला जाऊ नका. दातांच्या खुणा असलेली वाकडी-तिकडी कड ही तुमची साक्ष आहे, ती सरळ केलीत तर कात्रीची खूण तुमच्या विरोधात बोलते.

मळकी नोट पैसे भरायच्या मशीनमध्ये घालू नका. ओलसर नोट आत अडकली की मागच्या रांगेतले दहा जण तुम्हाला शिव्या घालतील आणि मशीन दिवसभर बंद राहील.

कुपन असेल तर: नियम कुपनाच्या पाठीवर

कुपनाला नोटेसारखा देशाचा एकच कायदा नाही. ते दुकानदारानं किंवा कंपनीनं दिलेलं वचन असतं, आणि वचनाच्या अटी मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत असतात. त्या आधी वाचा. “फाटलेले, खाडाखोड केलेले कुपन स्वीकारले जाणार नाही” असं छापलं असेल तर नंबर गेलेलं कुपन बाद होणार, त्यावर वाद घालून उपयोग नाही. पण डाग आणि फाटणं एक नाही. नंबर, शिक्का आणि मुदत तिन्ही वाचता येत असतील तर निव्वळ पिवळ्या डागासाठी कुपन नाकारायला दुकानदाराकडे सहसा कारण उरत नाही.

सोडतीच्या कुपनाचा एक भाग दुकानदाराकडच्या डब्यात असतो, दुसरा तुमच्याकडे. तुमचा भाग मांजरानं खराब केला तरी डब्यातला स्वच्छ आहे. म्हणून निकालाच्या आधीच दुकानात जाऊन नंबर आणि नाव वहीत नोंदवून घ्या. निकाल लागल्यावर अर्धं कुपन घेऊन गेलात तर तुमच्याकडे संशयानं पाहिलं जाईल, आणि ते स्वाभाविकही आहे. लॉटरीचं तिकीट असेल तर मात्र मूळ तिकीटच लागतं. ते सुरुवातीपासूनच घरी झाकणाच्या डब्यात ठेवायला हवं होतं, एवढंच म्हणता येईल.

रंगाच्या डब्यातून निघणारी टोकनं हा आमच्याकडच्या पेंटर मंडळींचा जिव्हाळ्याचा विषय आहे. घरमालकाचं कुत्रं डब्यात तोंड घालतं आणि टोकन चघळतं. टोकनावरचा चौकोनी कोड फोनला दिसत नसेल तर शेजारचा अक्षरांचा क्रमांक टाकून बघा, बहुतेक टोकनांवर तो असतो. आणि मालक-पेंटर यांच्यात टोकन कुणाचं, हे काम सुरू होण्याआधीच बोलून घ्या. कुत्र्यानं खाल्ल्यावर तो वाद मिटत नाही.

मेसची कुपनं: लातूरचा खास त्रास

शिक्षणाच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे जिल्ह्याबाहेरची हजारो मुलं-मुली लातुरात राहतात. नांदेडातही तेच चित्र. महिन्याच्या सुरुवातीला पैसे भरून मेसची कुपनवही घ्यायची आणि रोज एक फाडून द्यायचं, अशी पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. खोलीत येणाऱ्या एका बोक्यानं माझ्या भाच्याची अशी अख्खी वही भिजवली. पंधरा दिवसांचं जेवण त्यात होतं. पोरगं लाजेनं तीन दिवस वडापाव खात राहिलं आणि चौथ्या दिवशी घरी फोन केला. मेसच्या मालकाला सांगायची हिंमत नव्हती. सांगितलं तेव्हा मालक म्हणाला, “अरे, माझ्याकडं वही आहे ना, तुझं नाव आहे.” तीन दिवस उगाच वडापाव.

मुलांनो, असं झालं तर:

- त्याच दिवशी मालकाला किंवा मावशींना सांगा. जितका उशीर, तितकी कुपनांची संख्या पटवणं अवघड.
- वहीतले उरलेले कुपन-क्रमांक आणि फाडलेल्या कुपनांच्या कडा दाखवा. किती जेवणं झाली ते त्यावरून कळतं.
- ओली वही जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. पिशवीत घालून न्या, जेवणाच्या वेळेला जाऊ नका, दुपारी तीन-चारला जा.
- नवी वही द्यायला मालकाला खर्च येतो. पाच-दहा रुपये मागितले तर द्या. पण भरलेल्या जेवणांचे पैसे पुन्हा मागितले तर पावती दाखवा आणि ठाम राहा. पावती घेतलीच नसेल तर पुढच्या महिन्यापासून घ्या.

दुसऱ्याच्या हातात देताना

नियम झाले, आता रीत. माझ्या मते नियम चुकले तर पैसे जातात, पण रीत चुकली तर ओळख जाते. आपल्या बाजारात ओळख जास्त महाग आहे.

*आधी सांगा, मग काढा.* “दादा, या कुपनावर मांजरानं घाण केली होती, मी टिपून वाळवलंय, चालेल का बघा.” एवढं वाक्य पुरे. सांगितल्यावर दहातले नऊ दुकानदार हसतात आणि घेतात. न सांगता दिलंत आणि त्यांना वास आला की “काका, हे काय देऊ लागलात?” हा प्रश्न चार गिऱ्हाइकांसमोर येतो. तेव्हा खरं सांगितलं तरी ते बहाणा वाटतं.

*घडी घालून डाग लपवू नका.* पाचशेची कुरतडलेली कड आत दुमडून संध्याकाळच्या गर्दीत भाजीवाल्या मावशीला देणं ही फसवणूकच आहे, मग तिची किंमत कितीही असो. मावशीला बँकेत जायला वेळ नसतो. ती नोट पुढे कुणी घेतली नाही तर तिचा दिवसाचा नफा जातो. फाटकी नोट घेण्याची सक्ती दुकानदारावर नाही, बदलून देण्याची जबाबदारी बँकेची आहे. म्हणून ती नोट बाजारात फिरवू नका, थेट बँकेत न्या.

*एसटीच्या कंडक्टरला तर अजिबात नाही.* त्याला रात्री डेपोत हिशोब द्यावा लागतो.

*दानपेटीत टाकू नका.* हे मोठ्या संकोचानं लिहितो, पण लिहायला हवं. न चालणारी नोट देवाला वाहायची आपली जुनी खोड आहे. मंदिर असो, दर्गा असो की गुरुद्वाऱ्याची गोलक, पेटीतले पैसे माणसंच हातानं मोजतात. मांजरानं भिजवलेली नोट त्यांच्या हातात जाते. देवाला फसवलं असं वाटत असेल, पण मोजणाऱ्या सेवेकऱ्याची शिसारी मात्र खरी असते. आधी बँकेतून बदलून घ्या, मग वाहा.

*कामाच्या बाईला पगारात देऊ नका,* आणि “तुला लागेल तर घे” म्हणून खराब कुपनही तिच्या गळ्यात मारू नका. तुम्हाला दुकानात न्यायला लाज वाटते, तर तिला का वाटू नये?

*पिशवीत द्या.* कुपन द्यायचंच असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. बाहेरूनच नंबर वाचता येतो, हात लावावा लागत नाही. दुकानदारानं “इथंच फाडून टाका” म्हटलं तर फाडा आणि तुकडे स्वतःच्या पिशवीत घालून घरी आणा. त्याच्या दुकानाचा डबा त्यासाठी नाही.

*खाण्याच्या दुकानात जास्त जपा.* मिठाईचं दुकान, हॉटेल, मेस, रसवंती. तिथे काउंटरवर ठेवू नका, फोटो दाखवून आधी विचारा.

दुकानदारांनाही एक सांगणं. गिऱ्हाईक स्वतःहून खरं सांगतंय, तर चार लोकांसमोर नाक मुरडू नका. त्यानं न सांगता खपवलं असतं तर तुम्हाला नंतरच कळलं असतं. नंबर लिहून घ्या, सवलत द्या, कुपन बाजूला टाका. हिशोबाला नंबर पुरतो.

नाही म्हटलं तर कुठे जायचं

*बँक नोट घेत नसेल तर:* आधी शाखा व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर फोन केला की पुढचा रस्ता सांगतात. याला वकील लागत नाही, शुल्कही नाही.

*दुकानदार कुपन नाकारत असेल तर:* कुपनाच्या पाठीवर तशी अट आहे का ते आधी बघा. नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. पण खरं सांगू का, तीनशे रुपयांच्या कुपनासाठी आयोगापर्यंत जाण्याआधी दुकानाच्या मालकाला एकांतात भेटा. काउंटरवरच्या पोराला अधिकार नसतो. मालकाला असतो, आणि त्याला पुढच्या दिवाळीचं गिऱ्हाईकही हवं असतं.

रेशन कार्ड, तिकीट, बियाण्याची पिशवी

*रेशन कार्ड* चावलं म्हणून धान्य थांबत नाही. दुकानात अंगठ्यावर नोंद होते आणि कार्डाचा १२ अंकी क्रमांक पुरतो. दुय्यम कार्डासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करा. फाटलेलं मूळ कार्ड सोबत न्या, फेकू नका. ई-रेशन कार्डही निघतं. अडवणूक झाली तर १९६७ या क्रमांकावर फोन करा.

*रेल्वेचं खिडकीवरचं आरक्षित तिकीट* फाटलं तर आरक्षण कार्यालयात दुय्यम तिकीट मिळतं. उरलेल्या भागावरून ते खरं असल्याची खात्री होते. आरक्षणाचा तक्ता (चार्ट) लागण्याआधी गेलात तर कमी खर्च येतो. तक्ता लागल्यावर फाटलेल्या तिकिटासाठी भाड्याच्या २५ टक्के मोजावे लागतात. म्हणून रात्रीच्या गाडीचं तिकीट कुत्र्यानं चावलं असेल तर वेळ न घालवता लगेच स्टेशन गाठा. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाला ही कटकटच नाही.

*सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, तिचं लेबल आणि पावती* हंगाम संपेपर्यंत शेळीपासून दूर ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना हीच कागदं लागतात, आणि “शेळीनं खाल्लं” हे पंचनाम्यात चालत नाही. पावतीची नक्कल दुकानातून काढता येते, लेबलाची येत नाही.

आडत्याची पट्टी खराब झाली तर त्याच्या वहीत प्रत असते. मागा.

जनावराकडेही बघा

कागद वाचवायच्या घाईत लोक कुत्र्याच्या तोंडात हात घालतात आणि चावून घेतात. शंभर रुपयांसाठी इंजेक्शनांचा फेरा. बिस्किट दाखवा, ते स्वतः सोडतं. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरचं कुत्रं आहे म्हणून टाळू नका. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी सरकारी ठिकाणं आहेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही विचारा.

कुपनवहीला स्टेपलरच्या पिना असतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. गाय-वासरू चाऱ्यासोबत लोखंडाचे तुकडे गिळतं आणि ते पोटाच्या पिशवीतून थेट हृदयापर्यंत टोचू शकतात. लाल कंधारी किंवा देवणी वासरू दारात असेल तर पिना लावलेले कागद गोठ्याजवळ ठेवूच नका. पिनांसकट वही गिळली असेल, जनावर खात नसेल, कण्हत असेल, तर पशुवैद्यकाला बोलवा. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मांजर कपाटात किंवा कागदांवर वारंवार लघवी करत असेल तर ती खोडी नसते. अनेकदा मूत्रमार्गाचा त्रास असतो. बोक्याला लघवी होतच नसेल तर एक दिवसही थांबू नका, त्यात त्याचा जीव जातो.

आणि पोपट? “पोपटानं कुपन कुरतडलं,” असं दुकानात सांगण्याआधी विचार करा. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कुपन मिळेल न मिळेल, चार लोकांसमोर कबुलीजबाब मात्र दिला जाईल.

हे वाचून झाल्यावर एक काम कराल? कपाटातली कुपनं, मेसची वही, बियाण्याची पावती आणि ते लॉटरीचं तिकीट एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला आणि डबा माळ्यावर ठेवा. शेळी माळ्यावर चढत नाही. मांजर चढतं, पण त्याला झाकण उघडता येत नाही.